चढावर पिकअप नाही, मागून काळा धूर: टर्बो बदलावाच लागेल का?

नाशिककर_७
नमस्कार. आमच्याकडे २०१७ सालची सात आसनी डिझेल एसयूव्ही आहे. इंजिन २.२ लिटरचे, गिअर हाताचे आणि रनिंग एक लाख दहा हजार किलोमीटरच्या आसपास. शहरात गाडी नेहमीसारखी चालते. परंतु घरातील सर्व माणसे आणि सामान घेऊन कसारा घाट चढताना दोन हजार आरपीएमच्या पुढे ती ओढतच नाही, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढत नाही आणि मागून काळा धूर निघतो. एकदा इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तो गेला. अ‍ॅव्हरेजही घटले आहे. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नुकतेच बदलले, तरी फरक पडला नाही. गॅरेजमध्ये बॉनेट उघडून पाहताक्षणी ‘टर्बो’ (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) ‘गेला’ असे सांगण्यात आले. एवढा खर्च करण्यापूर्वी काय तपासून घ्यावे?

डिझेलप्रेमी
काळ्या धुराचा उल्लेख आपण केलात, हे फार बरे झाले, कारण अर्धे निदान त्यातच आहे. काळा धूर म्हणजे डिझेल पुरेसे मिळते आहे, ते जाळण्यासाठी लागणारी हवा मात्र कमी पडते आहे. डिझेल फिल्टर तुंबला असता किंवा पंप कमजोर झाला असता, तर गाडीतला दम गेला असता पण धूर वाढला नसता. त्यामुळे इंधनाची बाजू तूर्त सोडून द्यावी.

हवा कमी पडते याचा अर्थ टर्बोच निकामी झाला, असे मात्र नाही. टर्बोने दाबलेली हवा ती थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून फिरून इंजिनात जाते आणि या वाटेवर रबरी होज (नळ्या) व ते आवळून धरणारे क्लॅम्प असतात. इतक्या रनिंगनंतर होजला खालच्या अंगाला, जिथे सहसा कोणी पाहत नाही, चीर पडणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू (आयडलवर) असताना ती चीर मिटलेली राहते आणि भार आल्यावरच उघडते, म्हणून नुसते बॉनेट उघडून ती दिसत नाही. शहरात गाडी ठीक आणि घाटात दम नाही, ही तक्रार याच प्रकारात बसते.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील बिघाडाच्या नोंदी वाचणारे यंत्र) लावून दिवा लागला तेव्हाचा जुना कोड वाचून घ्यावा. पी ०२९९ असेल तर टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडल्याची ती नोंद आहे. टर्बो बिघडला असे त्यात कोठेही म्हटलेले नसते. इंजिन सुरू न करता नुसते इग्निशन चालू केल्यावर इनटेकच्या (इंजिनात हवा शिरण्याच्या मार्गातील) दाबाचा आकडा बाहेरच्या हवेइतका, म्हणजे नाशिकच्या उंचीवर साधारण ९४-९५ किलोपास्कल दिसला पाहिजे. तो तसा नसेल तर सेन्सरवरच संशय घ्यावा. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये, पंधराशे आरपीएमपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन, इंजिनाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब हे दोन्ही आकडे नोंदवावेत. आकडे शेजारी बसलेल्या माणसाने पाहावेत, चालवणाऱ्याने नव्हे. अशा इंजिनांत मिळालेला आकडा बहुधा २०० किलोपास्कलच्या वर जातो. तो बराच खाली अडकत असेल तर सर्व होज काढून, वाकवून, आतून-बाहेरून पाहावेत.

टर्बोची पाळी त्यानंतर. त्यातही आधी टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा अ‍ॅक्च्युएटर बघावा: तो व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर इंजिन सुरू होताच त्याची दांडी खेचली गेली पाहिजे आणि बंद करताच परत आली पाहिजे. व्हॅक्यूमची बारीक नळी उंदरांनी कुरतडलेली असणे हा आपल्याकडचा जुनाच प्रकार आहे.

घाटवाट
वरील मुद्द्यांत एक भर. उंच गिअरमध्ये कमी वेगावर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यास आरपीएम वाढतो आणि वेग मात्र तेवढाच राहतो का, हे पाहावे. तसे असेल तर क्लच प्लेट घसरते आहे, परंतु त्याने काळा धूर येत नाही.

जुने_इंजिन
कोणीतरी ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) बंद करून टाकण्याचा सल्ला देईलच, म्हणून आधीच लिहितो. ईजीआर उघडा अडकला तरी काळा धूर येतो आणि पिकअप जातो हे खरे. पण तसे असते तर शहरात, कमी आरपीएमवरही गाडी जड वाटली असती. संशय असेल तर व्हॉल्व्ह काढून काजळी साफ करावी. पत्रा लावून तो बंद करणे प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही आणि इथे मूळ दोषही त्याने जाणार नाही.

नाशिककर_७
सर्वांचे आभार. दुसऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड पी ०२९९ हाच निघाला; इंजिन २२० किलोपास्कलच्या आसपास दाब मागत होते आणि मिळणारा दाब दीडशेच्या पुढे जात नव्हता. इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणारा होज काढल्यावर क्लॅम्पच्या लगत, खालच्या बाजूला बोटभर चीर सापडली. अ‍ॅक्च्युएटरची दांडी व्यवस्थित हलते. होज आणि क्लॅम्प नवे बसवल्यानंतर धूर थांबला आणि भरल्या गाडीनिशी घाटात तिसऱ्या गिअरवर पूर्वीसारखी ओढ मिळते आहे. एक शंका उरली: जुन्या होजच्या आत तेलाचा थर होता. टर्बोचे सील गेले असावे का?

डिझेलप्रेमी
पातळ थर असेल तर काळजीचे कारण नाही. क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागातील) तेलकट वाफ ब्रीदर नावाच्या नळीवाटे इनटेकमध्येच सोडलेली असते, त्यामुळे या होजमध्ये तेलाचा ओशटपणा असतोच, आणि त्याच तेलाने रबर कालांतराने मऊ पडून क्लॅम्पपाशी फाटते. होज उलटा केल्यावर तेल ओघळत असेल, निळसर धूर येत असेल किंवा डिपस्टिकवरील पातळी उतरत असेल, तरच टर्बोच्या शाफ्टला (मधल्या दांड्याला) हाताने हलवून खेळ, म्हणजे ढिलेपणा, किती आहे हे तपासून घ्यावे. दाबाच्या सेन्सरवर बसलेली काजळी आताच साफ करून घ्या आणि पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी नवा होज एकदा काढून आत किती तेल साचले आहे ते पाहा.