शब्दचर्चा : ‘अधोगमन’ आणि टेथिस महासागर

प्रश्न : लडाखच्या भूविज्ञानावरील एका लेखात ‘टेथिस महासागराचे निमज्जन’ असा शब्दप्रयोग वाचनात आला (टेथिस म्हणजे भारत आणि आशिया यांच्यामध्ये पूर्वी असलेला महासागर). त्याऐवजी ‘महासागर आटला’ असे लिहिले तर अर्थ बदलेल का?

उत्तर : बदलेल. ‘आटला’ म्हटले की पाणी गेले आणि तळ जागेवर राहिला, असा बोध होतो. येथे मात्र तळच पृथ्वीच्या पोटात गेला. ‘निमज्जन’ म्हणजे पाण्यात बुडणे, त्यामुळे तो शब्द समुद्राखाली गेलेल्या किनाऱ्यासाठी राखून ठेवावा आणि एक भूपट्ट (पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा प्रचंड तुकडा) दुसऱ्याखाली सरकून प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, उतरतो त्या क्रियेला ‘अधोगमन’ म्हणावे, असे माझे मत आहे.

शंका : लडाखमधील ज्वालामुखीय खडक या अधोगमनाची साक्ष देतात असे म्हणतात; पण तळच उरला नाही, तर ते साक्ष कशी देतात?

उत्तर : खाली उतरणाऱ्या तळातील खनिजांमध्ये पाणी बद्ध असते. सुमारे 100 किलोमीटर खोलीपर्यंत जाताना ते बाहेर पडते, वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू खाली येतो आणि तयार झालेल्या शिलारसातून ज्वालामुखींची कमानदार रांग, म्हणजेच ‘ज्वालामुखी चाप’, उभी राहते. अशा शिलारसात बेरियमसारखी मूलद्रव्ये भरपूर, तर निओबियम आणि टँटलम ठळकपणे कमी असतात, आणि हीच खूण कोट्यवधी वर्षांनंतरही प्रयोगशाळेत वाचता येते. कारगिलजवळचे द्रासचे क्रिटेशस काळातील (सुमारे 14.5 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे) खडक अशाच चापाचे अवशेष आहेत. त्यामुळे नुसते ‘ज्वालामुखीय खडक’ लिहून भागत नाही, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसाल्टही ज्वालामुखीयच आहे, पण त्याचा अधोगमनाशी संबंध नाही. ‘चापीय ज्वालामुखी खडक’ असे लिहिले तरच पुराव्याचे स्वरूप कळते.

मला स्वतःला लडाखमधील शेरगोल परिसरातील निळसर सुभाजा (शिस्ट, म्हणजे पापुद्र्यांसारखा सुटणारा रूपांतरित खडक) त्याहून बोलका वाटतो. त्याला निळी छटा देणारे ग्लॉकोफेन हे खनिज प्रचंड दाब पण तुलनेने कमी तापमान असतानाच घडते, आणि हा विरळा संयोग थंड सागरतळ वेगाने खाली ओढला जातो तेथेच जुळतो.

शंका : मग हिमालयही अधोगमनानेच उभा राहिला, असे लिहावे का?

उत्तर : तेवढेच लिहिणे अपुरे आहे. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी सागरतळ संपून भारताचे भूखंडीय कवच आशियाला भिडले. ते हलके असल्याने तळासारखे सहज खाली जाईना, म्हणून त्या टप्प्यासाठी ‘भूखंडांची टक्कर’ असेच लिहावे.