पिकलबॉलमध्ये सर्व्हिस सतत चुकते, काय करावे?

ए ३०४: काल एकाच गेममध्ये माझ्या चार सर्व्हिस नेटमध्ये आणि दोन बेसलाइनबाहेर गेल्या. जोडीदार काकू काही बोलल्या नाहीत, त्याचेच जास्त वाईट वाटले. टेनिससारखी दुसरी सर्व्हिस इथे मिळत नाही आणि गुण तर सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळतो, म्हणजे मी आमच्या गुणांची संधीच घालवत होते. कोणी मार्ग सुचवेल का?

सी १०२: ताई, मी समोरच्या बाजूला होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. तुम्ही चेंडू डोक्याएवढा उंच उडवता; तो दर वेळी निराळ्या जागी खाली येतो आणि तुमचे पॅडल त्याला शोधत जाते. काही दिवस टप्प्याची सर्व्हिस करून पाहा. ती २०२१ पासून नियमांत आहे. चेंडू हातातून नुसता सोडायचा, वर फेकायचा किंवा खाली आपटायचा नाही, आणि टप्पा पडून वर आला की मारायचा. चेंडू कमरेखालीच लागला पाहिजे ही अट तिथे नसते. मनगट ताठ ठेवून हात खांद्यापासून झोक्यासारखा पुढे आणा.

बी ५०१: काका, पण अशा सर्व्हिसला वेग कुठून येणार? पोरे सरळ फटकावतील.

सी १०२: वेगापेक्षा खोली महत्त्वाची आहे. किचनच्या (नेटलगतचा पट्टा, जिथे उभे राहून चेंडू टप्प्याविना मारता येत नाही) रेषेपासून बेसलाइनपर्यंत १५ फूट जागा मिळते. मी बेसलाइनच्या चार फूट आत नजर ठेवतो, म्हणजे थोडे इकडेतिकडे झाले तरी चेंडू आतच राहतो. समोरच्याला टप्पा पडू द्यावाच लागतो, त्यामुळे खोल चेंडूवर तो मागे अडकतो आणि परतफेड करून किचनपर्यंत पोहोचायला त्याला उशीर होतो. नेट मध्यभागी ३४ इंच आहे. त्याला घासून चेंडू काढण्याचा मोह मात्र सोडा, दोन-तीन फूट वरून जाऊ द्या. गुण पुकारल्यावर १० सेकंद मिळतात, ती घाईत दवडू नका.

ए ३०४: आणि माझा पाय रेषेवर पडतो, असे काकूंचे म्हणणे आहे.

सी १०२: तेही खरे आहे. बेसलाइनपासून वीतभर मागे उभ्या राहा. उद्या सकाळी कोर्ट रिकामे असेल, मी बादलीभर चेंडू आणतो.