मदत हवी आहे: दोघांसाठी 250 सीसी पुरेल की 450च घ्यावी?

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात राहतो, वय 41, उंची 5 फूट 4 इंच. अकरा वर्षं पल्सर 150 चालवतोय. जूनअखेरीस मनालीमार्गे लेहला जायचंय. मागे बायको, सोबत दोन बॅगा. सुझुकीची 250 सीसी व्ही-स्ट्रॉम एसएक्स की रॉयल एनफील्डची हिमालयन 450, इथे तीन महिने घोडं अडलंय.

मित्रांचा एकच सूर: लेहला जायचं तर 400च्या वर पाहिजे. मी आपलं गणित मांडलं. लेहपुढची खार्दुंगला खिंड 5,359 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. फ्युएल इंजेक्शन पेट्रोल कमी सोडून मिश्रण सांभाळेल, पण मुळात नसलेला ऑक्सिजन कुठून आणेल? म्हणजे 450चे 40 पीएस (इंजिनाची ताकद) वीस-बावीसवर येणार आणि 250चे साडेसव्वीस तेरा-चौदावर. तेरा-चौदा म्हणजे इथली माझी पल्सर! ती आम्हा दोघांना घेऊन केळघर घाट दुसऱ्या गियरवर कुरकुरत का होईना, चढतेच की.

वेगाची मला हौस नाही. समृद्धी आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे दुचाकीला बंद, चौपदरी हायवेवर मर्यादा 80.

मग घ्या ना 250, म्हणाल. पण मित्राची 450 एक दिवस चालवली आणि घोळ झाला. उसाच्या दोन ट्रेलरवाला ट्रॅक्टर चढावर एका दमात मागे टाकला, गियरसुद्धा बदलावा लागला नाही. पल्सरवर असल्या ट्रॅक्टरमागे मी दोन-दोन किलोमीटर पाचट खात जातो.

त्याच दिवशी ठोसेघरला मुरमाच्या उतारावर गाडी तोंड खाली करून लावली. निघताना मागे घेता येईना. 196 किलो, माझे नुसते चवडे टेकलेले, त्यात पायाखाली खडी सरकतेय. शेवटी भजीच्या गाड्यावरचा पोरगा येऊन पुढून ढकलू लागला. बायको बाजूला उभी राहून हसत होती ते वेगळंच.

सीसी कमी म्हणजे सीट खाली, असा माझा समज होता. तोही खोटा निघाला. व्ही-स्ट्रॉमची सीट 835 मिमी, हिमालयनची 825. फक्त व्ही-स्ट्रॉमचं वजन 167 किलो, ते मात्र लगेच जाणवतं.

शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंत जीएसटी 18 टक्के, त्याहून मोठ्या गाडीला 40. फरकाच्या पैशात जॅकेट, बॅगा, पेट्रोल सगळं निघतं.

दोघं बसून 200-250वर लेह केलेलं कुणी आहे का? एकट्याने गेलेल्यांचे व्हिडिओ ढिगाने पाहिलेत, ते नकोत.

घाटवेडा:
आम्ही दोघं 200वर जाऊन आलो. मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सची 21 वळणं पहिल्या-दुसऱ्यावर निघतात, त्रास तिथे नाही. त्रास रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यात. दुपारनंतर बर्फ वितळून पाणी वाढतं, खाली गोटे. टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, 22 एनएम असला की क्लच अर्धा दाबून रेटावं लागतं आणि जळका वास येतो. 40 एनएमवाला नुसता थ्रॉटल धरून पार होतो. पण तो मध्येच आडवा झाला तर 196 किलो उचलायला दोन माणसं लागतात. तुमच्या उंचीला मी 250 म्हणेन, फक्त प्रत्येक नाल्याला वहिनींना उतरवा. नाले सकाळी लवकर ओलांडा.

दोनचाकी_अण्णा:
लेह आयुष्यात एकदा, केळघर दर रविवारी. रविवारची गाडी घ्या. लेहला विमानाने जाऊन तिथल्याच पासिंगची 450 भाड्याने मिळते.

धागाकर्ता:
अण्णा, विमानाने गेलो तर मनाली-लेह रस्ताच राहतो, आणि हिला तोच बघायचाय. घाटवेडा, वजनाचं पटलं. नाल्यात उतरून चालशील का, म्हणून हिला विचारलं. "आधी गमबूट घेऊन द्या," म्हणाली. शनिवारी 250ची टेस्ट राइड घेतोय, हिला मागे बसवून, ठोसेघरच्या त्याच उतारावर.