भोपाळच्या जनजातीय संग्रहालयातून गोंड चित्र घ्यायचंय, सल्ला हवा

कोरी_भिंत
पुढच्या महिन्यात नागपूरहून भोपाळला जातोय, श्यामला हिल्सवरचं जनजातीय संग्रहालय बघायचंच आहे. तिथल्या चिन्हारी दुकानात गोंड चित्रं मिळतात म्हणे. हॉलच्या भिंतीसाठी एक बऱ्यापैकी मोठं हवंय, बजेट दहा हजार, ताणून बारा. तिथलं चित्र खरंच हाताने काढलेलं असतं की प्रिंट? आणि पैसे कलाकाराला पोचतात का? मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, बायकोला कळतं पण ती म्हणते तूच शोध.

माळरान
चिन्हारी छोट्या वस्तूंना मस्त आहे, कुणाला भेट द्यायचं काहीतरी हमखास मिळतं. पण मोठं चित्र घ्यायचं तर आधी त्याच आवारातल्या लिखंदरा दीर्घेत, म्हणजे चित्रदालनात जा. तिथे दर महिन्याला एका आदिवासी चित्रकाराचं प्रदर्शन असतं, शलाका नावाचं, आणि चित्रं विकायलाही असतात. कुणाचं चित्र घेतोय ते माहीत असतं, बिल करतानाच विचारा की कलाकाराला किती जातात, सांगतात की. सोमवारी जाऊ नका, बंद असतं.

निळी_शाई
प्रिंटचं सांगते. मोबाईलचा टॉर्च चित्राला समांतर, एका बाजूने धरा. हाताने मारलेले ठिपके आणि रेघा ॲक्रिलिकच्या असतील तर किंचित वर आलेल्या दिसतात, प्रिंट सपाट असते. मग कॅमेरा झूम करून एकाच रंगाचा भाग बघा, प्रिंट असेल तर त्यात बारीक वेगवेगळ्या रंगांचे कण दिसतात. हाताच्या कामात ठिपके कधीच एकसारखे नसतात, ब्रश भरून घेतल्यावर पहिले जाड, मग बारीक होत जातात आणि परत जाड, हरणाच्या पोटावर ही लय अगदी स्पष्ट दिसते. एक लक्षात घ्या, प्रिंटवर वरून चार रेघा मारून "हॅन्डमेड" म्हणून विकणारेही आहेत, म्हणून एकाच कोपऱ्यात नाही तर तीनचार ठिकाणी बघा.

आणि गोंड चित्रात आकाराच्या आतलं भरण हे प्रत्येक कलाकाराचं स्वतःचं असतं, कुणाचे खवले, कुणाच्या कंगव्यासारख्या रेघा, कुणाची दाण्यांची माळ. दुकानात एकाच नावाची दोनतीन चित्रं शेजारी ठेवायला सांगा, भरण जुळलं पाहिजे. नाव नसलेलं चित्र मी तरी घेणार नाही, कितीही आवडलं तरी.

सदाफुली
नैसर्गिक रंगांचं असेल तरच घ्या, बाकी सगळं बाजारू.

निळी_शाई
@सदाफुली नाही हो ताई. माती, कोळसा हे घराच्या भिंतींवरचं काम. कागद-कॅनव्हासवरची आजची शैली गोंड चित्रकार जनगढ सिंह श्यामपासून सुरू झाली, चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या भारत भवनच्या (भोपाळचं कलाकेंद्र) माणसांना तो १९८१ मधे पाटनगढ गावात सापडला, आणि तो कागदावर शाई, पोस्टर कलर, ॲक्रिलिक सगळं वापरायचा. त्याला बाजारू म्हणायचं का मग? उलट कॅनव्हासवर झगझगीत निळा-गुलाबी असून कोणी "शंभर टक्के नैसर्गिक" म्हणत असेल तर तिथूनच काढता पाय घ्या.

हिशेबी
मी घासाघीस करून निम्म्यात आणलं होतं एका मेळ्यातून, लाजू नका.

माळरान
@हिशेबी काका, निम्म्यात मिळालं म्हणजे आधी दुप्पट सांगितलं असेल किंवा समोरच्याला परतीचं भाडं हवं असेल, दोन्हीत मिरवण्यासारखं काय आहे? संग्रहालयात तसंही भाव ठरलेले असतात.

@कोरी_भिंत भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम असल्या पद्मश्री मंडळींचं मोठं काम या बजेटमधे शोधू नका. तरुण कलाकाराचं एक मध्यम आकाराचं घ्या, भिंत मोठी आहे म्हणून चित्र मोठंच हवं असं नाही. २०२३ मधे गोंड चित्रकलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण ते लेबल बघून चित्र निवडू नका, ते कुठली कला ते सांगतं, काम कसं आहे ते नाही.

गिरणगाव
गोंडच का? भिल्ल चित्रंही बघा, नुसत्या ठिपक्यांनी अख्खं गाव उभं करतात. भूरी बाई भारत भवनच्या बांधकामावर मजूर होत्या, स्वामीनाथन यांनी कागद-रंग हातात दिले, २०२१ ला पद्मश्री. त्यांनी स्वतःचं आयुष्य रंगवलेली भिंत याच संग्रहालयात आहे, दुकानात शिरायच्या आधी तिच्यासमोर नीट थांबा, मग चांगलं काम कशाला म्हणायचं ते कोणाला विचारावं लागणार नाही.

कोरी_भिंत
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. लिखंदरा आधी, मग चिन्हारी. आता ट्रेनने आणायचं कसं? फ्रेम केलेलं घेऊ का?

निळी_शाई
फ्रेम अजिबात नको, काच फुटते आणि वजन वेगळं. कॅनव्हास असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर सैल गुंडाळा, आत ठेवली तर रंगाला सुरकुत्या पडतात, मधे बटर पेपर. कागद असेल तर गुंडाळू नका, दोन पुठ्ठ्यांमधे सपाट ठेवा आणि वरच्या बर्थवर टाका. घरी थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर लावू नका. आणि बिलावर कलाकाराचं नाव, गाव लिहून घ्या, पक्क्या पेनाने.