नागिणीची लस आणि डिमेन्शिया

नागिणीची (अंगावर दुखरं पुरळ उठतं त्या आजाराची) लस घेतली की डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणी स्मरणशक्ती आणि समज ढासळणं, कमी होतो म्हणतात. त्यावर कुणीतरी लिहिलंय की लस घेणारे लोक मुळातच तब्येतीला जपणारे, म्हणून त्यांना डिमेन्शिया कमी होतो, यात लसीचं काय कौतुक. शंका रास्त आहे, पण ब्रिटनमधल्या वेल्सच्या अभ्यासात नेमकी हीच भानगड टाळलीये. तिकडे १ सप्टेंबर २०१३ ला नागिणीची लस सुरू झाली तेव्हा नियम असा की २ सप्टेंबर १९३३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांनाच मिळणार, त्याआधीच्यांना कायमचा नकार. म्हणजे आठवडाभर आधी जन्मलेली आजी बाहेर आणि नंतरची आत, बाकी दोघींत फरक काय असणार हो? आतल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी लस घेतली, आणि ७ वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये डिमेन्शिया साधारण २० टक्के कमी निघाला, बायकांमध्ये जास्त फरक. २०२५ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आलंय.

का होतं ते अजून नक्की नाही. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण बनून उठतो, ते उठणं थांबल्याचा फायदा असेल कदाचित.

फक्त एक, ती लस झोस्टाव्हॅक्स होती, जिवंत विषाणूची. आपल्याकडची शिंग्रिक्स लस वेगळी, म्हणून हे आकडे तिला जसेच्या तसे लावता येत नाहीत; शिवाय दोन डोस आणि खिशाला चांगलाच चटका. माझ्या आत्याला नागीण झाली तेव्हा शेजारणी गेरू लावून वर 'कमरेला वेढा पडला की माणूस जातो' म्हणून घाबरवत होत्या, पुरळ गेलं पण साडीची निरी टेकली तरी ती सहा महिने कळवळायची. मी तरी तेवढ्यासाठीच घेईन, डिमेन्शियाचं बोनस.