अमेरिकन फुटबॉलमधलं स्प्रेड, मनीलाइन, ओव्हर-अंडर कुणी नीट समजावून सांगेल का?

मंगळवारपेठी_विंगर

भावांनो एक शंका हाय. आधीच सांगतो, शाहू स्टेडियमवरचा आपला फुटबॉल नव्हं, ते हेल्मेट घालून बॉल हातात धरून पळत्यात ते अमेरिकन फुटबॉल. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतोय, फिलाडेल्फिया इगल्सचा कट्टर फॅन, त्याच्यामुळं मला बी नाद लागला. २०२५ ची सुपर बोल (म्हणजे त्यांची फायनल) आमी व्हिडिओ कॉलवर संगट बगितली, आपल्याकडं सोमवारची पहाट, ५ वाजता सुरू. इगल्स ४०-६ नं पुढं, मॅच संपल्यात जमा, शेवटची तीनेक मिनिटं ऱ्हायलेली आणि समोरच्या चीफ्सनी टचडाउन केलं (बॉल घेऊन पार टोकाच्या पट्ट्यात शिरले) तर माझा भाऊ सोफ्यावरनं उठून नाचाय लागला. म्हटलं अरं तुझ्याच टीमवर स्कोर झालाय की, तर म्हणतोय ओव्हर लागला रं ओव्हर. त्याच्या तोंडात सारखं मायनस साडेतीन, प्लस दीडशे, टीजर, पार्ले, हुक असलं काय काय असतंय, त्यांच्याकडं हे सगळं कायदेशीर हाय म्हणं. मला पैसे लावायचे नाहीत, पण आता टीव्हीवर कॉमेंट्री करणारे बी तीच भाषा बोलत्यात आणि मला निम्मी मॅच कळंना झालीय. कुणाला म्हाईत असंल तर पार पयल्यापासनं सांगा.

राजारामपुरी_रिटर्न

विंगर भावा, मी बरीच वर्षं टेक्सासात नोकरीला होतो, हा खेळ मला जिवापाड आवडतो त्यामुळं जरा लांबण लागेल, चालवून घे.

आधी तुझ्या भावाच्या नाचाचं बघू. ओव्हर-अंडर म्हणजे दोन्ही टीमांच्या पॉइंटांची बेरीज. कोण जिंकतंय याच्याशी काही संबंधच नाही. बुकी आधीच एक आकडा काढतात, त्याला लाइन म्हणतात, आणि बेरीज त्याच्या वर जाणार (ओव्हर) की खाली राहणार (अंडर) यावर पैज. त्या मॅचला ही लाइन साधारण ४८-४९ च्या आसपास होती. ४० अधिक ६ म्हणजे ४६, म्हणजे तोवर अंडरवाले खुशीत. मग चीफ्सनी टचडाउन केलं, त्याचे ६, वर टू-पॉइंट कन्व्हर्जन (किकऐवजी परत एकदा बॉल पट्ट्यात नेणं) जमवलं त्याचे २, बेरीज झाली ५४. इगल्सच्या कपाला धक्काही लागला नाही पण ओव्हरवाल्यांचं काम झालं. पुढं चीफ्सनी अजून एक केलं आणि मॅच ४०-२२ अशी संपली. मॅच कधीच निकालात निघालेली असते पण लाइन अजून जिवंत असते, आणि म्हणूनच तिकडं लोक रद्दी झालेली मॅचसुद्धा शेवटच्या मिनिटापर्यंत डोळे फाडून बघत बसतात.

आता मनीलाइन, ही सगळ्यात सरळ. कोण जिंकणार एवढंच. फरक एकाचा असो नाहीतर तीसचा. पण तगड्या टीमवर लावलं तर थोडं मिळतं, कमजोर टीमवर लावलं तर जास्त. मायनस १८० म्हणजे १०० कमवायला १८० लावायचे, प्लस १५० म्हणजे १०० लावून जिंकलास तर वर १५० फायदा. मायनसवाली टीम फेव्हरिट, प्लसवाली अंडरडॉग, हे एवढं डोक्यात बसलं की अर्धा घोळ मिटला.

आणि स्प्रेड, हा या सगळ्याचा गाभा. आपण कॅरम खेळताना नवख्या पोराला आधीच पाच पॉइंट देऊन टाकतो ना, म्हणजे डाव बरोबरीचा व्हावा, अगदी तसंच. फेव्हरिट मायनस साडेतीन याचा अर्थ त्यांनी ४ किंवा जास्तीच्या फरकानं जिंकायला पाहिजे, तरच तुझी पैज लागली. समोरची टीम प्लस साडेतीन, म्हणजे ती जिंकली तरी चाललं, नाहीतर ३ पर्यंतच्या फरकानं हरली तरी चाललं. असं लागलं की म्हणतात टीमनं कव्हर केलं. ही पद्धत १९४० च्या दशकात शिकागोच्या चार्ल्स मॅकनील नावाच्या गणिताच्या मास्तरांनी काढली असं मानतात.

तो अर्धा पॉइंट म्हणजेच हुक. या खेळात अर्धा पॉइंट नसतोच, मग लावतात कशाला? तर नुसतं मायनस ३ असलं आणि मॅच बरोब्बर ३ नं संपली तर पुश होतो, म्हणजे ज्याचे त्याला पैसे परत. अर्धा लावला की हा तंटा मिटतो. पण त्या अर्ध्याला मोल येतं ते या खेळाच्या स्कोरिंगमुळं. फील्ड गोलचे (खांबांमधनं किक मारली की) ३, टचडाउनचे ६ आणि वर किक मारून १ म्हणजे ७. त्यामुळं मॅचेस ३ च्या फरकानं सगळ्यात जास्त संपतात आणि त्याखालोखाल ७ च्या. २०२३ ची सुपर बोल बघ, चीफ्स ३८ इगल्स ३५. २०२४ ची बघ, चीफ्स २५ फोर्टीनायनर्स २२. दोन्हीकडं ३. म्हणून अडीच, तीन आणि साडेतीन या तीन लाइनींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पाच आणि साडेपाचमध्ये फारसा नाही. हे ज्याला कळलं त्याला स्प्रेड कळला असं मी समजतो.

शिरोली_सेकंडशिफ्ट

म्हणजे ओव्हर-अंडर आपल्याकडच्या क्रिकेट सट्ट्यातल्या सेशनसारखंच की. पण ही लाइन ठरवतंय कोण? आणि मॅचच्या आधी बदलती का? आम्ही सेकंड शिफ्ट सुटली की रविवारी रात्री बघतो, त्यांची दुपारी १ ची मॅच आपल्याकडं साडेदहा-साडेअकराला लागती (थंडीत त्यांचं घड्याळ मागं जातंय म्हणून तासाचा फरक), दर वेळी आकडा वेगळाच दिसतोय.

राजारामपुरी_रिटर्न

बदलते तर. पैजा घेणाऱ्या कंपन्या आठवड्याच्या सुरवातीला लाइन काढतात, मग पैसा कुठं पडतोय आणि कुणाला दुखापत झालीय ते बघून सरकवत राहतात. क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य गडी) खेळणार नाही अशी बातमी आली की लाइन एकदम पाच-सहा पॉइंटसुद्धा हलू शकते. पण तुझी पैज मात्र तू लावलीस त्या वेळच्या आकड्यावरच राहते.

यावरून बुकींचा एकदा पार बाजार उठला होता. जानेवारी १९७९, तेरावी सुपर बोल, मायामीत, पिट्सबर्ग स्टीलर्स आणि डॅलस काउबॉइज. लाइन निघाली स्टीलर्स मायनस साडेतीन. स्टीलर्सवर इतका पैसा आला की बुकींनी ती सरकवत साडेचारवर नेली, तर आता काउबॉइजवर पैसा यायला लागला. मॅच संपली ३५-३१. फरक किती? ४! म्हणजे आधी स्टीलर्स साडेतीनला घेतलेलेही जिंकले आणि नंतर काउबॉइज प्लस साडेचारला घेतलेलेही जिंकले. नेव्हाडातले बुकी दोन्हीकडून पैसे वाटत बसले, त्या दिवसाला अजून ब्लॅक संडे म्हणतात. दोन लाइनींच्या मधे आकडा पडला की त्याला मिडल म्हणतात.

गणितवाल्या_बाई

मी कॉलेजला संभाव्यता शिकवते, एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची ती मोठी लीग) मुलामुळं घरात लागतं म्हणून बघते. विंगर, तुमच्या भावाला एकदा विचारा की लाइनच्या शेजारी मायनस ११० लिहिलेलं असतं ते कशाचं. सगळे लाइनबद्दल बोलतात आणि या आकड्याकडे कुणी बघत नाही, आणि मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

स्प्रेड आणि ओव्हर-अंडरला दोन्ही बाजूंचा भाव बहुतेक वेळा मायनस ११० असतो, म्हणजे १०० कमवायला ११० लावायचे. आता दोघांनी समोरासमोर ११० लावले, गल्ल्यात २२० आले, जिंकणाऱ्याला त्याचे ११० आणि वर १०० असे २१० दिले, उरले १०. मॅच कुणीही जिंको, ते १० कंपनीचे. त्याला ते व्हिग किंवा ज्यूस म्हणतात. त्यामुळे निम्म्या पैजा बरोबर आल्या तरी माणूस तोट्यातच असतो, नुसतं जिथल्या तिथे राहायला २१० मध्ये ११०, म्हणजे १०० मधल्या साधारण साडेबावन्न बरोबर यायला लागतात. ऐकायला अडीचच टक्के वाटतात पण ते वर्षानुवर्षं टिकवणारे फार थोडे.

मनीलाइनमध्येही हेच लपलेलं असतं. वरचंच उदाहरण घ्या, मायनस १८० म्हणजे २८० मध्ये १८०, साधारण ६४ टक्के. प्लस १५० म्हणजे २५० मध्ये १००, बरोबर ४० टक्के. बेरीज १०४. शक्यतांची बेरीज १०० च्या वर जाऊच शकत नाही, वरचे जे ४ आहेत ती कंपनीची कटिंग.

शिरोली_सेकंडशिफ्ट

बाई मग पार्लेत तर लई मिळतंय की, १०० चे ६०० होत्यात म्हणत्यात. तिथं कटिंग कमी असतीय का?

गणितवाल्या_बाई

उलट आहे हो, तिथे जास्त. पार्ले म्हणजे दोन-तीन-चार पैजा एका चिठ्ठीत बांधायच्या आणि सगळ्या लागल्या तरच पैसे, एक जरी चुकली तरी सगळं गेलं. तीन मॅचेस, प्रत्येकीत निम्मी-निम्मी शक्यता धरली तर तिन्ही बरोबर यायची शक्यता ८ मध्ये १. म्हणजे खरा हिशोब १०० ला ७०० फायद्याचा झाला, आणि देतात साधारण ६००. साध्या पैजेत कंपनीला शेकडा साडेचार सुटतात, तीनच्या पार्लेत शेकडा १३, चारच्या पार्लेत जवळपास १७. प्रत्येक मॅच जोडली की कटिंगवर कटिंग चढते. म्हणून ॲप उघडलं की पहिल्यांदा पार्लेच दिसतो. एकाच मॅचमधल्या गोष्टी बांधतात तो सेम गेम पार्ले, त्यात एक झालं की दुसरं व्हायची शक्यताही बदलते, त्याचा भाव कंपनीच ठरवते आणि आपल्याला घरी बसून तपासताही येत नाही. मला तो प्रकार मनापासून आवडत नाही.

मंगळवारपेठी_विंगर

बाई, राजारामपुरी दादा, लई आभारी. आता टीजर आणि प्रॉप ऱ्हायलं. आणि ओव्हरटाइम झाला तर ते पॉइंट धरत्यात का? भावाचं आणि त्याच्या मित्राचं यावरनं भांडण चाललेलं.

ताराबाई_पार्कचा_वकील

मधेच बोलतो, कारण असले धागे वाचून कुणीतरी फोनवर ॲप शोधायला लागतो. अमेरिकेतसुद्धा हे सगळीकडं पूर्वीपासून चालू नव्हतं. १९९२ च्या केंद्रीय कायद्यानं नेव्हाडासारखी थोडी राज्यं सोडून बाकीच्यांना खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी द्यायला बंदी होती, विंगरच्या भावाचं न्यू जर्सी राज्यच त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत भांडलं आणि १४ मे २०१८ ला तो कायदा रद्द झाला. त्यानंतर प्रत्येक राज्य आपापलं ठरवतंय.

आपल्याकडं ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचा म्हणा नाहीतर नशिबाचा. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत आणि ५० लाखांपर्यंत. शिवाय परकीय चलनाच्या २००० च्या नियमांत लॉटरी, फुटबॉल पूल असल्या गोष्टींसाठी इथून पैसे पाठवायला सरळ मनाई लिहिलेली आहे. माझ्या ओळखीतल्या एका पोरानं टेलिग्रामवरच्या एजंटाकडं सट्ट्याची आयडी घेतली, जिंकला तेव्हा आयडी बंद, आणि पैसे मागायला जायचं कुणाकडं? एजंटाचा खरा नंबरसुद्धा त्याच्याकडं नव्हता. पोलिसांकडं जायलाही घाबरत होता, मी बसवून तक्रार लिहून घेतली. तुम्ही खेळ समजून घ्या, बिनधास्त चर्चा करा, फक्त तसल्या आयडीच्या वाटेला जाऊ नका ही हात जोडून विनंती.

राजारामपुरी_रिटर्न

वकीलसाहेब बरं झालं लिहिलंत.

विंगर, टीजर म्हणजे पार्लेचाच भाऊ, फक्त यात लाइन आपल्या बाजूला सरकवून मिळते, बहुतेक ६ पॉइंट, आणि त्या बदल्यात पैसे कमी. समज एक टीम मायनस साडेआठ आहे, ती झाली मायनस अडीच. दुसरी प्लस दीड, ती झाली प्लस साडेसात. दोन्हीकडं ३ आणि ७ हे दोन्ही आकडे ओलांडले गेले, जाणकार टीजर घेतात ते एवढ्यासाठीच. मायनस ३ ची टीम प्लस ३ करून घेण्यात तसा अर्थ नाही, शून्याच्या आसपासचे आकडे तिथं वाया जातात कारण मॅच बरोबरीत सुटणं एनएफएलमध्ये फार दुर्मिळ.

प्रॉप म्हणजे मॅचच्या आतल्या बारीकसारीक गोष्टी. क्वार्टरबॅक किती यार्ड फेकणार, पहिलं टचडाउन कोण करणार, सुपर बोलला तर टॉस छापा की काटा यावरही. (टॉसवरसुद्धा कटिंग असते, आता बोला.) प्रॉपची हवा झाली ती १९८६ च्या सुपर बोलपासून. शिकागो बेअर्सकडं विल्यम पेरी नावाचा अवाढव्य डिफेन्सवाला गडी होता, टोपणनाव रेफ्रिजरेटर. तो टचडाउन करील का यावर बुकींनी भाव काढला, लोक तुटून पडले, आणि बेअर्स बदडत असताना कोचनी खरंच त्याच्या हातात बॉल दिला आणि त्यानं टचडाउन केलं. ४६-१० नं जिंकले, बुकींना त्या एका प्रॉपनं चांगलाच फटका बसला, पण जाहिरात इतकी झाली की पुढं दर वर्षी प्रॉपची यादी लांबतच गेली.

फ्युचर म्हणजे सीझनच्या आधीच सांगायचं की कप कुणाचा. ३२ टीमा, पैसे फेब्रुवारीपर्यंत अडकलेले आणि कटिंग दणदणीत.

आता तुझ्या भावाचं भांडण. पूर्ण मॅचच्या पैजेत, मग स्प्रेड असो, मनीलाइन असो नाहीतर ओव्हर-अंडर, ओव्हरटाइमचे पॉइंट धरतात. सेकंड हाफच्या पैजेतही बहुतेक ठिकाणी धरतात. फक्त चौथ्या क्वार्टरची वेगळी पैज असेल तर सहसा धरत नाहीत, तिथं क्वार्टर संपला की विषय संपला. यावर २०१७ ची ह्यूस्टनमधली सुपर बोल काढून बघ, न्यू इंग्लंड पेट्रियट्स मायनस ३, अटलांटा फाल्कन्स २८-३ नं पुढं, तिथून पेट्रियट्सनी २८-२८ केलं. सुपर बोलच्या इतिहासातला पहिला ओव्हरटाइम. तिथं मॅच थांबली असती तर स्प्रेड फाल्कन्सवाल्यांचा होता आणि बेरीज ५६, म्हणजे अंडर. मग पेट्रियट्सनी टचडाउन केलं, जिंकल्यावर किक मारायचीच नसते म्हणून ३४-२८. फरक ६, बेरीज ६२, ओव्हरही लागला आणि कव्हरही झालं.

मंगळवारपेठी_विंगर

म्हणजे भावाचा मित्र बरोबर हाय. त्यांची पैज चौथ्या क्वार्टरचीच होती, आत्ताच विचारलं. ही लिंक दोघांच्या ग्रुपवर टाकतो, मराठीच हाईत दोघं बी.