झेड बोसॉनचं वस्तुमान मोजताना चंद्र मध्ये कुठे आला?

ज्योत्स्ना_सांगली
नमस्कार मंडळी. मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. एका संदर्भपुस्तकात झेड बोसॉन या मूलकणाचं वस्तुमान ९१.१८७६ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक) दिलंय. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, जो कण जन्मताच मरतो, तो काट्यावर ठेवला कुणी?" शिवाय या मोजणीत चंद्रामुळे फरक पडत होता असंही वाचलं. हे खरं का?

वक्रमार्ग
खरं आहे, ताई. आणि त्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी द्या, तिने नेमक्या जागी बोट ठेवलंय.

वजन कुणी करत नाही. जिनिव्हाजवळ जमिनीखाली लेप नावाचं २६.७ किमी घेराचं यंत्र होतं. १९८९ पासून तिथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धनभारित जुळे) समोरासमोर आदळवत. दोघांची मिळून ऊर्जा झेडच्या वस्तुमानाजवळ आली की झेड भराभर तयार होतात, जरा इकडेतिकडे झालं की संख्या घसरते. ऊर्जा थोडी थोडी बदलायची, दर वेळी किती झेड मिळाले ते मोजायचं, आलेख काढायचा. शिखर कुठे आलं त्यावरून वस्तुमान. (आदळण्याआधी इलेक्ट्रॉन प्रकाशकण सोडतात, त्याने शिखर शंभरेक एमईव्ही, म्हणजे ०.१ जीईव्ही, सरकतं, ते गणिताने काढून टाकतात.) अल्पायुष्याने शिखर पसरट होतं, रुंदी सुमारे २.५ जीईव्ही.

म्हणजे सगळी भिस्त आदळणाऱ्या कणांची ऊर्जा किती नेमकी ठाऊक आहे यावर. ती मोजायची त्यांची पद्धत मला फार आवडते. रिंगमध्ये फिरता फिरता इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे त्यांच्या अंगचे बारीक चुंबक, हळूहळू उभ्या दिशेला रांगेत येतात. रांगेतून कललेला स्पिन दर फेरीला सुमारे १०३ गिरक्या घेतो, आणि हा आकडा थेट ऊर्जेवर ठरतो. बरोबर त्या तालात चुंबकीय धक्के दिले की रांग मोडते. कोणत्या वारंवारितेला मोडली ते बघा, ऊर्जा हातात आली, तीही १ एमईव्हीच्या आतल्या अचूकतेने. इतकं बारीक मोजायला लागल्यावर ऊर्जा तासातासाला सरकताना दिसू लागली.

मिलिंद_ठाणे
चंद्राने घेर असा कितीसा बदलणार? आणि घेर बदलला तर ऊर्जा का बदलावी?

वक्रमार्ग
घेर बदलतो जेमतेम १ मिमी, म्हणजे त्रिज्येत ०.१६ मिमी. समुद्राला भरती येते तशी जमिनीलाही येते.

आता गंमत बघा. कणांना विद्युतलहरींनी ढकलणाऱ्या आरएफ पोकळ्यांची वारंवारिता ठरलेली, आणि इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाणारे. त्यामुळे एका फेरीची लांबी बदलूच शकत नाही. जमीन फुगली की चुंबक बाहेर सरकतात, कणांचा झोत मात्र आहे तिथेच राहतो. मग तो क्वाड्रुपोल चुंबकांच्या (झोत एकवटून ठेवणाऱ्या चार ध्रुवांच्या चुंबकांच्या) मध्यातून न जाता किंचित आतून जातो. मध्यात क्षेत्र शून्य असतं, बाजूला नसतं. त्याने झोताचं वळण बदलतं आणि ऊर्जा उतरते. २६.७ किमीत १ मिमी म्हणजे दहा कोटींत चारेक भाग, पण यंत्राच्या रचनेमुळे ऊर्जेतला फरक त्याच्या पाचेक हजार पट होतो. झाले सुमारे १० एमईव्ही! झेडच्या वस्तुमानातली अंतिम अनिश्चितता २.१ एमईव्ही आहे, तेव्हा हे सोडून चालणारच नव्हतं. नोव्हेंबर १९९२ मध्ये त्यांनी मुद्दाम प्रयोग करून भरतीचा आलेख आणि ऊर्जेचा आलेख जुळवून दाखवला.

आगगाड्यांचा किस्सा त्याहून भारी. १९९५ मध्ये चुंबकीय क्षेत्र दिवसभर थरथरायचं, मध्यरात्रीनंतर शांत व्हायचं, पहाटे पुन्हा सुरू. कारण निघालं जिनिव्हाहून सुटणारी पॅरिसची टीजीव्ही ही वेगवान गाडी. ती तेव्हा तिथे डीसीवर (एकदिश विजेवर) चालायची. रुळांतून परतणारा थोडा करंट जमिनीत झिरपायचा आणि लेपच्या धातूच्या नळीतून वाट काढायचा, अँपिअरभर. गाडीची वेळ आणि नळीतले झटके तंतोतंत जुळले.

आपल्याकडे शिखराचा आलेख फळ्यावर काढतात आणि पुढे जातात. हे सगळं वगळलं तर मुलांना मोजमाप म्हणजे काय ते कळतच नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि ताई, लेपवरच्या चार प्रयोगांपैकी एल-३ मध्ये मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते, हेही वर्गात सांगा.

ज्योत्स्ना_सांगली
खूप आभार! १ मिमीचं गणित उद्याच फळ्यावर घेते. झेडचा भाऊबंद डब्ल्यू बोसॉन, त्याचंही वस्तुमान असंच काढतात का?

अनघा_के
माझं काम याच्या जवळपासचं आहे म्हणून लिहिते. डब्ल्यू हल्ली बहुधा प्रोटॉनच्या टकरीत मोजतात, तिथे ही युक्ती चालत नाही, कारण प्रोटॉनमधल्या नेमक्या कोणत्या तुकड्याने किती ऊर्जा नेली ते कळत नाही. डब्ल्यूपासून म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) आणि न्यूट्रिनो निघतात, न्यूट्रिनो हाती लागत नाही. उरला म्यूऑन. झोताला आडव्या दिशेतला त्याचा संवेग वस्तुमानाच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ४० जीईव्हीपर्यंत चढतो आणि मग झपकन कोसळतो. तो उतार नेमका कुठे लागतो त्यावरून वस्तुमान काढतात.

त्यासाठी म्यूऑनच्या संवेगाची मोजपट्टी चोख लागते. ती तपासायला जे-साय हा आधीच अचूक मोजलेला कण वापरतात. तरीही २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅबच्या सीडीएफ प्रयोगाने ८०,४३३.५ ± ९.४ एमईव्ही सांगितलं, आणि २०२४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगाने ८०,३६०.२ ± ९.९. सीएमएसचा आकडा सिद्धान्ताशी जुळतो, सीडीएफचा नाही. सीडीएफ ज्या यंत्रावर होता तो टेव्हाट्रॉन २०११ मध्येच बंद झाला, त्यामुळे सीडीएफला नव्या टकरी मिळणार नाहीत. फरक कुठून आला ते जुनाच डेटा उकलून शोधावं लागेल.